फोटोतली जागा

आशियाई स्पर्धा खेळून आलेल्या कुमुदताई मोहिते आमच्या तालुक्यात मुलींना व्हॉलीबॉल शिकवत. अंतिम सामन्याआधी क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब आम्हा पालकांदेखत म्हणाले, "आमची गार्गी शेवटपर्यंत नेटजवळच दिसली पाहिजे. फोटो काढायचेत. नाहीतर उद्यापासून तुम्ही येऊ नका, बाई."

 

ताई म्हणाल्या, "दिसेल की. पण समोरच्यांकडून सर्व्हिस जिंकली, की आपल्या सहाही जणींनी फिरत जागा बदलायची, नेटजवळचीलाही मागं जावं लागतं, असा नियम आहे. म्हणजे एकदाही सर्व्हिस जिंकायची नाही. मुलींना हरायला तेवढं तुम्हीच सांगा, आबासाहेब."



"काका, पहिली सर्व्हिस मी करते," म्हणत त्यांची पुतणी गार्गी मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.