गोजराबाईचं चुलवण

कृष्णाकाठच्या बोरखडी गावी निवांत महाराज नावाच्या साधूंचा मुक्काम होता, तेव्हा गुळाचा हंगाम ऐन भरात आला होता. गावात मोठमोठी गुऱ्हाळं, पण महाराजांनी आसन मांडलं ते गोजराबाईच्या खोपीत! तिचं गुऱ्हाळ ते केवढं? रस आटवायची एक काहील आणि घाणा ओढायला एक बैलजोडी. बाई विधवा, पण कामात चोख. एका काहिलीला पुरेल एवढाच ऊस तोडायची आणि चुलवणाला आपल्याच उसाची वाळलेली चिपाडं घालायची. विकतचं लाकूड तिला ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या इंगवले सरकारांच्या चार काहिली. महाराजांसमोरच ते म्हणाले, "गोजरा, ही भातुकली पुरे झाली. ऊस माझ्या घाण्याला घाल आणि मजुरीला ये."

"जमंल तवर करती, सरकार," ती म्हणाली. महाराज नुसते हसले.

एके दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. काहिलीत रस अर्धा आटलेला आणि चिपाडं चिंब! गोजराबाई कोरडं चिपाड शोधत ढीग उपसू लागली. ही काहील नासली तर बैलांना वैरण कुठली? बैल गेले की गुऱ्हाळ गेलं, मग सरकारांच्या दारी मजुरीच.

महाराज उठले. त्यांनी ओल्या चिपाडांचा भारा स्वतः उचलून आणला. "घाल, आई."

"वल्लं हाय महाराज, निस्ता धूर हुईल!"

"तू घाल. पेटवणारा बघून घेईल."

तिनं डोळे मिटून भारा आत सारला आणि काय नवल! चुलवण धडधडून पेटलं. गूळ असा पिवळाधमक बसला की बघत राहावं. चिपाडांचा ढीग काही कमी होईना.

सरकारांनी मात्र हावेपोटी पिंपंच्या पिंपं रस आधीच गाळून ठेवला होता. लाकडं भिजली, चारही चुलवणं थंड पडली. सकाळपर्यंत रस आंबणार! दिवेलागणीला ते खाली मान घालून खोपीत आले. "गोजराबाई, माझा रस तुझ्या काहिलीत आटवून देशील?"

खोपीत जमलेल्या सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी गोजराबाईकडे पाहिलं.

"आणा की, सरकार. रसानं कुनाचं काय वाकडं केलंय?"

 सरकारांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, मी फार मातलो होतो."

"ते तिला सांगा," महाराज म्हणाले, "आणि जाळ उतरतोय, तेवढं बघा."

सरकारांनी गोजराबाईपुढे हात जोडून मान लववली. मग धोतराचा काचा मारला आणि चिपाडांचा भारा उचलून ते चुलवणापुढे बसले.