आठव्या हमालाची वाघीण

फोटो काढा, पण त्या वाघिणीला टेकू नका. गोऱ्या साहेबाच्या काळातला हा पिंपळझरीचा मालधक्का. रूळ उखडून नेले, माल उचलायची यारी गंजून पडली. मालगाडीची ही एकच लाकडी वाघीण, हा मालाचा डबा, उरली, तिच्याखालच्या तुकडाभर रुळावर.

असं सांगतात, की तेव्हा इथं आठ हमालांची टोळी कापसाच्या गाठी चढवायची. जागा उताराची, म्हणून वाघीण थांबली की चाकाखाली ठोकळा सरकवायचा. जो जवळ असेल त्यानं. मुकादम विचारायचा, ठोकळा लावला का? आठही जण एका सुरात म्हणायचे, लावला. सवयच ती, खाली वाकून बघतो कोण?

एका दुपारी कोणीच लावला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं लावला. वाघीण घरंगळली आणि पुढं रूळ झाडणारा उकंडा चाकाखाली गेला. चौकशीला साहेब आला, तेव्हा आठांनी पुन्हा एका सुरात सांगितलं, की ठोकळ्याचं काम उकंड्याचंच होतं, तोच विसरला. मेलेला माणूस थोडाच उठून बोलतो! त्याच्या बायकोला, बायजाला, रेल्वेच्या खोलीतून बाहेर काढलं.

गाव सोडण्याआधी ती इथं आली म्हणे. तिनं स्वतःच्या हातानं ठोकळा चाकाखाली ठेवला.

"हा मी लावला, बायजानं," ती म्हणाली. "आता ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. तोवर ही हलायची नाही."

आणि नाहीच हलली, बापा. ठोकळा काढला, इंजिन जोडलं, साखळी तुटली. तिसऱ्या दिवशी एक हमाल मान खाली घालून आला आणि म्हणाला, मी लावला नव्हता. वाघीण वीतभर सरकली. असे सात जण बोलले, सात विती सरकली. आठवा आलाच नाही.

तेव्हापासून आमच्या गावात कोणी दुसऱ्याच्या वतीनं हो म्हणत नाही. पंगतीत मीठ वाढलं का विचारलं, तरी वाढणारी सांगते, मी, शेवंतानं, वाढलं. पाहुणे हसतात. हसू द्या.

चाळीस वर्षं मी पाहुण्यांना सांगत आलो, की आठव्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. खोटं सांगत होतो. तो पुंजाजी, माझा आजोबा. लाज वाटायची, दुसरं काय?

परवा भंगारवाले हिचे तुकडे करून नेणार. म्हणून काल सकाळी हिच्यावर हात ठेवून बोललो, की आजोबानं लावला नव्हता. मग खाली वाकून चाक बघितलं.

आजही ती तिथंच आहे, सातव्या वितीवर. आपल्या तोंडानं सांगावं, असं बायजा म्हणाली होती. आणि मीही दुसऱ्याच्याच वतीनं बोललो.