येसाक्काचे घंगाळ

एकदा एका गावाने देवळासाठी घंटा ओतायची ठरवली. घंटेत प्रत्येक घरचे एक जुने भांडे जावे, असा तिथला रिवाज. देखरेख एका वृद्ध आचार्यांकडे होती आणि भांडी स्वीकारण्याचे काम त्यांच्या शिष्याकडे. गुरूंनी सांगितल्यावरून हा शिष्य त्या दिवसांत ‘विटाळ’ या शब्दाचे मूळ शोधत होता. पोथ्या पालथ्या घालूनही हाती काही लागले नव्हते; डोके मात्र त्या शब्दाने भरून गेले होते.

शेवटी गावची सुईण येसाक्का आली. तिच्या हातात नवजात बाळांना पहिली आंघोळ घालायचे तांब्याचे घंगाळ होते, आता तळाला भोक पडलेले.

शिष्य मागे सरला. “हे बाळंतिणीच्या खोलीतले. याने सगळा धातू विटाळेल.”

“दादा, माझ्यामागं कुणी न्हाई,” ती म्हणाली. “तेवढा आवाज तरी ऱ्हाऊ द्या गावात.”

भोवती जमलेल्या गावकऱ्यांपैकी कोणीही ‘घ्या’ म्हणेना. असल्या वेळी गावाची वाचा नेमकी बसते!

येसाक्का वळली. तेवढ्यात आचार्यांनी ढिगातून आपला तांब्या उचलून बाजूला ठेवला.

“गुरुदेव, हे काय?”

“मला येसाक्काच्या आईने याच घंगाळात न्हाऊ घातले. ज्याची पहिली आंघोळ यात झाली, त्याने आपले भांडे परत न्यावे. म्हणजे घंटा शुद्ध होईल.”

पाटलांनी खालमानेने परात उचलली. पुजाऱ्यांनी पळी उचलली. ढीग ओसरत जाऊन शिष्याच्या घरची समई तेवढी उरली.

“तुमी पायाळू व्हता, दादा,” येसाक्का हळूच म्हणाली. “लई घाबरले व्हते मी.”

शिष्याचे डोळे भरून आले. त्यानेही समई उचलली. भट्टी पेटलेली होती आणि ओतायला काहीच नव्हते.

आचार्य म्हणाले, “बाळ, विटाळ घेऊन कोणतीही वस्तू जन्माला येत नाही. कोणीतरी तिच्यापासून मागे सरतो, तेव्हा विटाळ तिला चिकटतो. मघाशी तू जिथून मागे सरलास, तिथेच त्या शब्दाचे मूळ आहे.”

शिष्य पुढे झाला. त्याने घंगाळ दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि ओताऱ्याकडे दिले. सर्वांआधी तेच मुशीत गेले. मागोमाग परात, पळी, समई, सगळ्या गावाची भांडी खणखणत येऊन पडली.

घंटा टांगली, त्या दिवशी पहिला टोल येसाक्काने द्यावा असा शिष्याने हट्ट धरला. तिने दोर ओढला. नाद शिवारापार गेला, आणि म्हातारी रडता रडता हसली.

“पैलं रडणं असंच असतंय,” ती म्हणाली. “बाळ धडधाकट हाय!”