मागच्या सीटवरचे वस्ताद

“ब्रेक वेळेत दाबला होता, वस्ताद. मग गाडी घसरली कशी?”

वस्ताद दस्तगीर बागवानांनी हातातला पाना खाली ठेवला. ते गाडीभोवती फिरत होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, दोन लेथ कारखान्यांच्या मधल्या बोळात त्यांचं गॅरेज. पत्र्याचं, बिनपाटीचं. वय अडुसष्ट, एक गुडघा दुखरा. तरुणपणी त्यांनी मोटारसायकलच्या शर्यती मारल्या होत्या. आता बेळगाव, सांगली, पुण्याहून लोक आपल्या महागड्या स्पोर्ट बाईक घेऊन येत. गाडी बोळाच्या तोंडाशी आली की आत बसल्या बसल्या वस्ताद आवाजावरून सांगत, “चेन कोरडी हाय.” आणि चेन कोरडी असे.

विचारणारा होता जयसिंगपूरचा अभिनंदन मगदूम. वय तीस. ठिबक सिंचनाच्या पाइपांचं घरचं दुकान. चेन्नईच्या ट्रॅकवर दोनदा गाडी पळवून आलेला, आणि ते समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा.

“करूळ घाटात,” तो पुढं सांगत होता, “वळणापलीकडं टेम्पो उभा. मी लगेच ब्रेक दाबला. पुढचं चाक असं सटकलं की… ब्रेक पॅडच बदलावेत म्हणतो. रेसिंगचे टाकू.”

वस्ताद खाली वाकले. दुखरा गुडघा धरून, सावकाश.

“मागं कोण होतं?”

“…कुणी नाही.”

वस्तादांनी मागच्या सीटच्या डाव्या पायदानावर बोट ठेवलं. रबर फाटलं होतं, धातू खरवडून पांढरा पडला होता.

“हे मिटलेलं असतं तर घासलं नसतं. हे उघडं होतं.”

अभिनंदननं त्या पायदानाकडं पाहिलं. बाजूच्या कारखान्यातला लेथ तेवढा ऐकू येत राहिला.

“बहीण,” तो शेवटी म्हणाला. “प्रणोती.”

“कितपत लागलं?”

“खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत.”

वस्ताद उठले. हात पुसले.

“आणि तू मला गाडीचं विचारतोस…”

*

गाडी गॅरेजात राहिली. अभिनंदनला रोज सकाळी सात वाजता यायला सांगितलं.

“किती दिवस लागतील, वस्ताद?”

“गाडीला का तुला?”

तो एसटीनं येऊ लागला. ज्या एसटींना तो सांगली रस्त्यावर वाऱ्यासारखा मागं टाकायचा, त्यांच्याच खिडकीत बसून.

पहिल्या दिवशी वस्तादांनी त्याच्यापुढं साबणाच्या पाण्याची बादली ठेवली.

“धू.”

“आमच्याकडं वॉशिंगवाला आहे, वस्ताद. दर रविवारी फोम वॉश होतो.”

“गाडी त्याची हाय काय?”

त्यानं धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली.

तिसऱ्या दिवशी हवा. वस्तादांनी मीटर त्याच्या हातात दिला.

“हवा कधी बघतोस?”

“पेट्रोल भरायला गेलो की.”

“म्हंजे चार-पाच किलोमीटर पळवून. टायर तापल्यावर.” वस्तादांनी थंड टायरवर तळवा ठेवला, ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवावा तसा. “निघायच्या आधी बघायची. तापल्यावर टायर खोटं बोलतं.”

पुढच्या चाकात हवा कंपनीनं सांगितल्यापेक्षा बरीच कमी निघाली.

चौथ्या दिवशी चेन. मागचं चाक स्टँडवर उचललेलं, रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश. काम लवकर व्हावं म्हणून अभिनंदननं स्टार्टरकडं हात नेला. इंजिन चालू करून गियर टाकला की चेन आपोआप फिरली असती, आणि पुसणं एका मिनिटाचं होतं.

 वस्तादांनी आपला डावा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. करंगळी अर्धीच होती.

अभिनंदननं किल्ली काढून खिशात टाकली. चाक हातानं फिरवत एकेक कडी पुसली, तेल लावलं, ताण बोटानं पाहिला. दीड तास लागला. वस्ताद तेवढा वेळ शेजारी स्टुलावर बसून होते. त्यांना दुसरी चार कामं होती, तरी.

पाचव्या दिवशी जुन्या टूथब्रशनं पुढचा ब्रेक साफ करताना अभिनंदन थांबला. पुन्हा वाकून पाहिलं. उजव्या बाजूच्या जोडीतला एक पॅड जाड होता, दुसरा झिजून नखाएवढा उरला होता. आतला एक पिस्टन घाटातल्या लाल मातीनं अडकून बसला होता.

“वस्ताद!” तो जवळजवळ ओरडला. “सापडलं! ब्रेक एकाच अंगानं लागत होता. म्हणजे दोष गाडीचाच!”

“गाडी कुणाची?”

अभिनंदनचा चेहरा उतरला. हातातला ब्रश बादलीत पडला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवशीच दिसलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर मीच पॅड बदलला असता. तू पुढच्या वर्षी परत आला असतास. असाच.”

पिस्टन त्यांनी त्याच्याकडूनच साफ करवून घेतला. पॅड त्याच्याकडूनच बसवले. ब्रेकचं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं, तेही त्याच्याच हातानं बदललं. शेवटी त्याचं बोट चुकून डिस्कला लागलं, तेव्हा तेलकट डाग राहू नये म्हणून त्यानं न सांगता फडकं घेतलं आणि डिस्क पुसली.

वस्तादांनी हे पाहिलं. त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः आणून दिला.

*

आठव्या दिवशी प्रणोती आली. हात झोळीत, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. भाऊ रोज पहाटे उठून जातो कुठं, ते बघायला.

वस्तादांनी आपलं स्टूल तिला दिलं.

“बाळ, पडताना काय झालं?”

“दादा सगळ्यांना सांगतो ते सांगू, काका, का मला आठवतं ते?”

“तुला आठवतं ते.”

तिनं भावाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

“टेम्पो दिसला आणि त्याचे खांदे एकदम ताठ झाले. मग झटका. मी पुढं फेकले गेले, त्याच्या पाठीवर. तो हँडल धरून, आणि माझा सगळा भार त्याच्या हातांवर. हँडल हललं… मग रस्ताच दिसला.”



वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांना घाम आला होता म्हणून नव्हे.

“आठ दिवस मी गाडीला विचारत बसलो,” ते म्हणाले. “विचारायचं होतं हिला.”

अभिनंदननं नंतर खूप जणांना सांगितलं, की त्यानं त्यांना ‘वस्ताद’ म्हणायला सुरुवात आधी केली होती, पण मानलं त्या क्षणी. चाळीस वर्षं गाड्या हाताळलेला माणूस, आणि हात झोळीत असलेल्या मुलीसमोर आपली चूक अशी सहज कबूल करतो.

“पुन्हा बसशील मागं?” वस्तादांनी तिला विचारलं.

“हा थांबायला शिकला तर.”

*

शिरोळच्या बाजूला साखर कारखान्याचा गाडीअड्डा होता. हंगामात तिथं उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर अंगाला अंग लावून उभे असतात. मे महिन्यात मात्र चिटपाखरू नाही. सिमेंटचं मोकळं पटांगण. पहारेकरी वस्तादांच्या ओळखीचा.

अभिनंदन जाकीट, हातमोजे, हेल्मेट चढवून गाडीवर बसला. मागं वजन पडलं. त्यानं वळून पाहिलं. वस्ताद जुनं हेल्मेट घालून मागच्या उंच, टीचभर सीटवर चढले होते.

“तुम्ही नको, वस्ताद. तुमचा गुडघा…”

“मग कोण? वाळूचं पोतं बांधतोस? पोत्याला काय कळतं?”

“निदान मला धरा तरी.”

वस्तादांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवले.

“चाळीसनं ने. त्या खांबापाशी ब्रेक.”

अभिनंदननं नेली. खांब आला. ब्रेक दाबला.

टक्. म्हाताऱ्याचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं, पूर्ण वजन पाठीवर आलं. त्याच्या मनगटात कळ गेली. घाटातली तीच कळ.

“परत.”

टक्.

“परत.”

अकरा वेळा. वस्ताद एकदाही कण्हले नाहीत, एकदाही त्यांनी त्याला धरलं नाही. बाराव्या वेळी अभिनंदन गाडी बंद करून उतरला. डोळ्यांत पाणी होतं.

“मला नाही जमत. तुम्हाला लागेल, वस्ताद.”

“लागतंय तर.” वस्ताद पुढं सरकले. “बस मागं.”

वस्तादांनी गाडी हाती घेतली. चाळीस नाही, साठ. अभिनंदन मागं बसून झटक्याची वाट पाहू लागला. पोट आवळून, मान ताठ करून. खांब आला… मागं गेला… आणि गाडी उभी होती.

झटका आलाच नव्हता.

डोक्यावरची भरली घागर बाईनं अलगद खाली उतरवावी, तशी ती गाडी थांबली होती. आधी पुढचं नाक जरासं वाकलं, मग सगळ्या गाडीचं वजन जणू रस्त्यात रुतलं, आणि संपलं.

अभिनंदन उतरला. खांबापासून पावलं मोजली. पुन्हा मोजली. त्याच्या चाळीसच्या वेगातल्या थांबण्यापेक्षा वस्ताद साठच्या वेगात दोन पावलं आधी थांबले होते.

“एवढ्या हळू दाबून एवढ्या लवकर कसं?”

“हळू कुठं? तुझ्यापेक्षा जोरात दाबला.”

“मग…?”

वस्तादांनी त्याचा उजवा हात हातात घेतला. त्याची दोन बोटं लिव्हरवर ठेवली, त्यांवर आपली दोन.

“आधी नुसतं धर. दाबू नको. पॅड डिस्कला टेकू दे… बास. आता नाक वाकतंय. मागचा माणूस पुढं कलतोय, त्याला कलू दे, त्याला कळू दे. भार पुढच्या चाकावर आला? आता चाकानं रस्ता धरला. आता दाब. आता पाहिजे तेवढा दाब. थांबत आली की सोडत ये.”

“आणि मागचा ब्रेक?”

“तो सोबतीला. जरासा.”

“एवढ्या सगळ्याला वेळ कुठून आणायचा? टेम्पो समोर असताना?”

वस्तादांनी त्याच्या बोटांवरची आपली बोटं काढली.

“श्वास सोडायला जेवढा लागतो, तेवढाच.”

दुपारपर्यंत ते करत राहिले. मग पुढचे सहा दिवस. चाळीस, साठ, ऐंशी. सरळ रेषेत, मग वळणातून, कललेली गाडी आधी सरळ करून. पहारेकरी सावलीत बसून बघायचा. सहाव्या दिवशी दोन हेल्मेटं एकदाही एकमेकांवर आपटली नाहीत.

“झालं?” अभिनंदननं विचारलं.

“हे पटांगण हाय,” वस्ताद म्हणाले.

पुढं दिवाळीत प्रणोती त्या सीटवर परत बसली आणि भावाबरोबर बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला जाऊन आली. पण त्याआधी घाट झाला.

*

मेचा शेवटचा रविवार. अभिनंदननं निघण्याआधी थंड टायरची हवा पाहिली, चेनला बोट लावलं, गाडी चार पावलं ढकलून दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मग मागचं पायदान उघडलं. वस्ताद चढले.

गगनबावडा मागं पडला आणि रस्ता करूळ घाटात उतरू लागला. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी. अभिनंदन खालच्या गियरमध्ये, जपून, पण भीत न जाता उतरत होता. मागं वस्ताद एक शब्द बोलत नव्हते. टेम्पो जिथं उभा होता ते वळण आलं. रिकामं होतं. तो नुसता पुढं गेला.

आणि त्यापुढच्या तिसऱ्या वळणावर, कड्याआड, रस्त्यात म्हशी.

सात-आठ म्हशी. दोन उभ्या, बाकीच्या भर रस्त्यात फतकल मारून बसलेल्या. एक रेडकू आडवं. राखणारा कुठं दिसत नव्हता. जायला वाट नव्हती.

खांदे ताठ होऊ लागले.

त्यानं श्वास सोडला.

गाडी सरळ केली. दोन बोटं लिव्हरला टेकली. नाक वाकलं. पाठीमागं एक वजन हलकेच पुढं कललं, आणि तिथंच राहिलं. मग बोटं घट्ट आवळली, अजून घट्ट, पाय जरासा…

गाडी उभी राहिली.

सर्वांत जवळची म्हैस हात-दोन हातांवर होती. तिनं रवंथ थांबवला नाही. रेडकानं कानसुद्धा हलवला नाही.

अभिनंदनच्या छातीत मात्र ढोल वाजत होता. त्यानं पाय टेकले.  अंगभर काहीतरी उसळून येत होतं. त्याला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं. तो वाट पाहत राहिला, मागून एक हात पाठीवर पडेल म्हणून. एक शब्द येईल म्हणून.

काहीच आलं नाही.

दरीतून वारा वर येत होता. कुठंतरी खाली एका म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली.

“वस्ताद…”



तो वळला. वस्ताद मांडीवर हात ठेवून बसले होते. हेल्मेटची काच वर होती आणि आत डोळे मिटलेले.

“वस्ताद, थांबलो.”

त्यांनी डोळे सावकाश उघडले. म्हशींकडं पाहिलं, रेडकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“थांबलो होय रं? …कधी?”