आबांचं चितळ

एका राज्यात उदयभान नावाचा राजा होता, आणि जंगलावर त्याचा इतका जीव, इतका जीव, की विचारू नका! त्यानं शिकार बंद केली. शिकारी मांत्रिकाला हद्दपार केलं. तो जाताना हसत हसत एक सोन्याचा कुंचला नजर करून गेला. राजानं तोही जपला.

दरबारची रीत अशी, की चिताऱ्यानं जनावराचं चित्र आणायचं, पण डोळे कोरे ठेवायचे. ते डोळे रंगवायचा, म्हणजे 'उघडायचा', मान राजाचा; तो ते त्याच सोन्याच्या कुंचल्यानं उघडी, आणि चित्र दरबारच्या भिंतीवर टांगलं जाई. पहिल्या वर्षी म्हाताऱ्या आबा चिताऱ्यांनी चितळ काढलं, आणि त्याच महिन्यात ते गेले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या लेकीनं, कमळजानं, धनेश पक्षी काढला. आणि जंगल? ते ओस पडत चाललेलं. आधी चितळं दिसेनाशी झाली, मग धनेश.

तिसऱ्या वर्षी कमळजा बिबळ्याचं चित्र घेऊन दरबारात उभी राहिली. राजानं सोन्याचा कुंचला रंगात बुडवला, तोच खिडकीत टिटवी येऊन बसली.

"थांब राजा! या कुंचल्यानं तू डोळे उघडतोस, अन् ती अख्खी जात जंगलातून उठून भिंतीवर येते. मांत्रिकाचा शाप आहे तो."

राजाचा चेहरा पांढराफटक. "उपाय?"

"तीन कामं. कुंचला मोड. धनेश पूस. चितळ पूस. नुसते डोळे नाही, अख्खं चित्र. तेही ज्या घरानं काढलं, त्याच घरच्या हातानं."

राजानं कुंचला गुडघ्यावर मोडला. कमळजानं ओल्या फडक्यानं धनेश पुसला, आणि अख्खा थवा पंख वाजवत खिडकीबाहेर गेला.

मग ती चितळासमोर आली, आणि हात उचलेचना. आबांची बाकी सगळी चित्रं पुरात गेलेली. हे एवढंच उरलेलं. धाप लागत असताना एकेक ठिपका टेकवत बसले होते ते, आणि ती शेजारी रंगाची वाटी धरून.

"पोरी," राजा हळूच म्हणाला, "हे एक राहू दे. माझ्याकडे जपून राहील."

"जपून जपूनच जंगल रिकामं केलंत, महाराज."

राजा बाजूला सरला.

तिनं शेपटीकडून सुरुवात केली. एक ठिपका पुसला, की एक चितळ फरशीवर खूर वाजवत उभं. दुसरा पुसला, दुसरं. तोंड तिनं सगळ्यात शेवटी पुसलं. सगळा कळप दारातून निघून गेला, भिंत कोरी झाली, आणि शाप सुटला.

राजानं ती रीत बंद केली. बिबळ्या तेवढा डोळ्यांवाचून टांगला, दोन कोऱ्या जागांशेजारी.

कमळजा जंगलातल्या वाटेनं घरी निघाली. तळ्याकाठी एक चितळ मान वर करून तिच्याकडे बघत होतं. ती थबकली. तिनं हात पुढे केला.

चितळ दचकलं, ओरडलं, आणि जीव खाऊन पळालं. माणूस दिसल्यावर पळायला हवं, अगदी तसं.