स्वरकंठाचं पीस

एका राज्यात स्वरकंठ नावाचे पक्षी होते. त्यांच्या गाण्यातूनच तिथल्या तान्ह्यांना आवाज मिळे. उपकार थोर, म्हणून लोकांनी रीत पाडली: बाळ जन्मलं की पाळण्याला स्वरकंठाचं पीस बांधायचं. पीस गळ्याचंच हवं, आणि ते उपटलं की पक्षी जगत नसे. असे पांग फेडतात का हो? पण रीतीला जाब कोण विचारतो!

पक्षी भोळा, माणसाच्या हातावर येऊन बसणारा. तीन वर्षांतून एकच अंडं घालणारा. बघता बघता नऊ उरले. राजा वीरकेतूने घाबरून ते एकाच बागेत कोंडले, भोवती भिंत घातली. बागेत रोग शिरला, रीतीपायी एक पीसही उपटलं गेलं, आणि नवांचे सहा झाले. उरलेल्यांचं गाणं थांबलं. त्या वर्षी जन्मलेलं एकही मूल रडलं नाही.

बागेची राखणदार केशर, तिची लेकही त्यांतलीच. तोंड उघडी, पण हुंकार नाही. केशरचं काळीज तुटे. पाळण्याचं पीस तिनेच उपटलेलं होतं.

ती थोरल्या स्वरकंठापुढे हात जोडून उभी राहिली.

"पक्षिराज, लेकीला आवाज द्या."

पक्षी म्हणाला, "तीन कामं कर. पाळण्याचं पीस सोड. आमच्या तीन जोड्या तीन रानांत ने. आणि अंडं दिसलं तरी जवळ येऊ नकोस."

केशरने पीस सोडलं. शेजारणी म्हणाल्या, "आई आहेस की वैरीण?" तिने ऐकून घेतलं.

राजा म्हणाला, "भिंत पाडली तर उरलेलेही जातील."

"महाराज, सगळी घरटी एकाच झाडावर असली, तर एक वादळ पुरतं."

राजाने भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला, आणि केशरने तीन जोड्या तीन रानांत नेऊन सोडल्या. पुढच्याच उन्हाळ्यात एक रान वणव्यात गेलं. दोन वाचली.

तिसरं काम सर्वांत अवघड. तीन वर्षं केशर लांबूनच पाहत राहिली. एका सकाळी घरट्यातून पिल्लाने चोच वर काढली. लेक हात सोडवून धावली. केशरने तिला घट्ट धरलं. पिल्लू गायलं, आणि पिल्लू हाती मिळेना म्हणून लेकीने भोकाड पसरलं!

राज्यभर मुकी पोरं एकदम रडू लागली. आया हसत होत्या, डोळे पुसत होत्या. केशरने घरट्याला हात जोडले. पाऊल मात्र पुढे टाकलं नाही.

तेव्हापासून तिथे बाळ जन्मलं की रानात स्वरकंठांच्या घरट्यांसाठी एक उंबर लावतात, आणि मागे न पाहता घरी येतात. स्वरकंठ रानी नांदले, पाळणे पिसांवाचून हलले. तसे तुमचेही हलोत.