एक हाक, सारं जंगल

एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. तिथेच एक कोल्हा होता, आणि मुलांनो, त्या कोल्ह्याची आठवण झाली तरी माझं डोकं फिरतं. वाघाचा त्रास वाढला तेव्हा या कोल्ह्याने साऱ्या जंगलाला नियम घालून दिला. झाडाच्या शेंड्यावरून वानराने 'हुप' करायचं, ते ऐकून मोराने ओरडायचं आणि मोर ओरडला की सर्वांनी गवतात दडून बसायचं. "एक हाक, सारं जंगल! मध्ये कोणी प्रश्न विचारायचे नाहीत," कोल्ह्याने बजावलं. वाघ दोनदा उपाशी परतला आणि जो तो कोल्ह्याचे गोडवे गाऊ लागला.

उन्हाळ्यात एका दुपारी डोंगरापलीकडे वणवा लागला. वानराला धूर दिसला. त्याला हाक एकच ठाऊक, त्याने तीच दिली. मोर ओरडला. झालं! वणवा पेटलेला आणि हे सगळे शहाणे वाळक्या गवतात निपचित! हरिणीच्या नाकात धूर शिरला. "अहो, जळका वास येतोय," ती हळूच म्हणाली. "गप बस! हाक झालीय ना?" रानडुक्कर गुरगुरलं. डोळे त्याचेही चुरचुरत होते, पण बोलेल तर शपथ.

तेवढ्यात वणवा डोंगर ओलांडून आला, एक ठिणगी पाडसाच्या पाठीवर पडली आणि ते किंचाळलं. मग मात्र हरिणीने भीड सोडली. "उठा मेल्यांनो! वाघ नाही, वणवा आहे! नदीकडे पळा!" रानडुकराने मुसंडी मारून झुडपांतून वाट फोडली आणि सारे कसेबसे नदीत उतरले. पाडस वाचलं, पण त्याच्या पाठीवरचे ठिपके कायमचे करपले.

संध्याकाळी कोल्हा ऐटीत म्हणाला, "माझ्या नियमाला नावं ठेवू नका. हाक वेळेवर पोचली की नाही?"

"पोचली ना! म्हणूनच तर आम्ही सरणावर जाऊन बसलो!" हरिणी कडाडली. "वानराने धूर पाहिला, मला वास आला, या रानडुकराचे डोळे चुरचुरले. एकमेकांना विचारलं असतं तर आग लांब असतानाच कळली असती. तोंडं तेवढी जोडलीस रे, डोकी कोण जोडणार? तुझा बाप? ही माझ्या लेकराची पाठ बघ आणि मग बोल!"

कोल्ह्याने पाठ पाहिली आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी वानराने 'हुप' केलं, तेव्हा खालून सगळे एकदम ओरडले, "काय दिसलं रे?"

तात्पर्य : नुसता निरोप पुढे ढकलणारे कितीही जोडले तरी शहाणपण येत नाही; ऐकणाऱ्याने उलट विचारावं आणि आपल्याला कळलेलं वेळीच बोलावं.